न पिणाऱ्याचं लिवर

माझे बाबा दारू पीत नव्हते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात हे एवढंसं वाक्य कुणाच्या गळी उतरता उतरेना, आणि त्याचा राग मला आजही येतो. मोखाड्याच्या डोंगरात, पोशेऱ्याजवळच्या पाड्यावर जन्मलेला माणूस. अंगणात मोहाचं झाड, चुलत्याच्या घरामागे भट्टी. असा माणूस पीत नाही म्हटलं की लोक आधी मान डोलवतात आणि मग एकमेकांकडे बघून हसतात. ते हसणं मी लहानपणापासून बघत आले. एकदा त्यावरून मी एका पाहुण्याच्या हाताला चावले होते, असं आई सांगते. मला आठवत नाही, पण खरं असणार.

बाबा शिक्षक होते. सगळा तालुका त्यांना गुरुजी म्हणायचा आणि आईसुद्धा गुरुजीच म्हणायची. ‘गुरुजी, जेवायला या.’ ‘गुरुजी, ओला टॉवेल गादीवर कुणी टाकला?’ फार चिडली की ‘मास्तर’ म्हणायची. मास्तर ऐकू आलं की मी आणि बाबा दोघंही मागच्या दाराने बाहेर पडायचो.

आई सूर्यमाळची. उन्हाळ्यात तिथे पाण्यासाठी दरीत उतरावं लागायचं आणि डोक्यावर हंडे घेऊन चढावं लागायचं. त्याची तिची तक्रार नव्हती. तक्रार होती ती तिच्या बापाची. ती पाणी घेऊन वर येईपर्यंत तो अंगणात पडलेला असायचा. दारूनेच गेला बिचारा, पोट फुगून, डोळे हळदीसारखे पिवळे होऊन. तेव्हा आई लग्नाच्या वयाची होती आणि तिने घरात स्पष्ट सांगून टाकलं, ‘न पिणारा मिळाला तर लग्न. नायतर मी अशीच पाणी वाहीन.’ डोंगरात न पिणारा नवरा शोधायचा म्हणजे थट्टाच. पण तिच्या भावाने, म्हणजे माझ्या मामाने, शोधला. मामा स्वतः मनसोक्त प्यायचा, त्यामुळे न पिणारे कोण हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या वाट्याची तोच प्यायचा ना!

असा हा आईचा संसार एका अटीवर उभा होता. तिने बाबांचं रूप पाहिलं नाही, जमीन पाहिली नाही. बाबा दिसायला काही खास नव्हतेच, आणि जमीन म्हणाल तर उताराचा एक तुकडा. ‘पीत नाय’ एवढंच पाहिलं.

आणि बाबांनी ते मनावर घेतलं होतं. शाळेत दारूबंदीची गाणी काय बसवायचे, पोरांची फेरी काय काढायचे! फेरी नेमकी चुलत्याच्या भट्टीवरून जायची. चुलते दारात उभे राहून टाळ्या वाजवायचे आणि पोरांना चिंचा वाटायचे. दोघांत त्यावरून कधी भांडण झालं नाही.

मी पाचवी-सहावीत असेन, बाबांची बदली जव्हारला झाली. मग कार्यालयाचं काम मागे लागलं, खुर्ची आली, मोटरसायकल आली. आमचं राहणीमान सुधारलं. म्हणजे नेमकं काय झालं, तर नागली, म्हणजे तुमची नाचणी, सुटली. आम्ही डोंगरातले लोक, नागलीची भाकरी खाऊन वाढलेले. पण गुरुजींच्या घरात काळी भाकरी कशी दिसेल? आईने रोज पांढरा भात आणि गव्हाच्या पोळ्या सुरू केल्या. वरून डालडा. चहा तर असा की चमचा त्यात उभा राहावा. कुणी ‘साखर जास्त झाली’ म्हटलं की आईला तो सत्कार वाटायचा. लहानपणी तिला गूळसुद्धा सणाला मिळायचा, मग आता हात आखडता घ्यायचा कशासाठी? कार्यालयातून येताना बाबा डेपोसमोरून गरम भजी आणायचे. तीही आम्ही पोळीबरोबर खायचो. काय दिवस होते! मी खोटं बोलणार नाही, मजा होती.

बाबांचे हातपाय काडीसारखेच राहिले. फक्त मधेच, शर्टाच्या दोन बटणांमागे, एक पोट बसलं. आई ते पोट पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची.

पुढे मी शिकायला मुंबईला गेले. बारावीपर्यंत जव्हारला, मग हॉस्टेल, मग एमएस्सी, आणि त्यानंतर एका मॅडमच्या लॅबमध्ये काम. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. जव्हारला मोबाइल पोचला होता, पण तो लागायचा डोंगराच्या एका कडेला उभं राहिलं तर. एक दिवस आईने त्या कडेला जाऊन मला फोन केला. हॅलो नाही, काही नाही. एकदम म्हणाली, ‘तुझा बापूस पितो.’

मी हसले. चूकच झाली. तिने फोन ठेवला.

झालं होतं असं. बाबांना काही महिने थकवा वाटत होता, उजव्या बरगडीखाली जड वाटायचं. जव्हारच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, मग मामाबरोबर नाशिकला पाठवून सोनोग्राफी आणि सुईने लिवरचा बारीक तुकडा काढून त्याची तपासणी करून आणायला सांगितलं. रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो वाचला आणि आईच्या समोरच विचारलं, ‘गुरुजी, किती घेता?’

बाबा म्हणाले, ‘तीन चमचे.’

‘साखर नाही हो! दारू किती घेता?’

‘घेत नाही.’

डॉक्टर हसले. तेच ते हसणं. म्हणाले, ‘लिवरमध्ये चरबी साठलीय आणि वण पडायला लागलेत. जखम भरल्यावर कातडीवर जसा वण राहतो तसे, आतून. असेच वाढत गेले तर लिवर दगडासारखं होतं. आता लपवून काय उपयोग? बंद करा.’ डॉक्टरांचा तरी काय दोष, त्यांच्या दारात रोज येणारी लिवरं दारूचीच. पण लिवर हा शब्द आईने आयुष्यात एकदाच ऐकला होता, आपल्या बापाच्या वेळी. ती खुर्चीवरून उठली आणि बाबांची वाट न बघता घरी चालू लागली.

मामाने तर आगीत तेल ओतलं. संध्याकाळी आला आणि बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘भावजी, इतकी वर्षं एकटे एकटे? आमाला सांगितलं असतं तर सोबत बसलो असतो की!’ थट्टाच करत होता. पण त्या घरात तेव्हा थट्टा समजायला कोण रिकामं होतं?

त्याच रात्री आईने सुपात नागलीचे दाणे आणले. आमच्याकडे धान्य म्हणजे कणसरी, देवी. तिची मूठ हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही. खून करून आलेला माणूससुद्धा कणसरीच्या मुठीत खोटं बोलणार नाही, असं आमचे म्हातारे सांगतात. आई म्हणाली, ‘घ्या मूठ. बोला, कधी तोंडाला लावली नाय.’

बाबांनी मूठ घेतली. आणि मग, अहो काय सांगू, तो माणूस विचार करत बसला! विचार! तिथे बायको डोळ्यांत प्राण आणून बघतेय आणि हे गणित सोडवतायत. शेवटी त्यांनी दाणे हळूच सुपात परत ठेवले. म्हणाले, ‘ही आण मला घेता येणार नाही.’

आता यातली गोम सांगते. आमच्या पाड्यावर लग्न असो, पिकाचं नवं खाणं असो, दिवसकार्य असो, दारू लागतेच. ती आधी देवाला आणि मेलेल्या वाडवडिलांना. घरातला म्हातारा चार थेंब भुईवर सोडतो आणि मग पळसाच्या पानाचा द्रोण सगळ्यांच्या हातून फिरतो. तो नाकारायचा नसतो. नाकारला तर त्या घराच्या पितरांशी तुमचं वैर आहे असा अर्थ होतो. आता दारूबंदीवाल्या गुरुजींनी काय करायचं? त्यांनी आपला एक तोडगा काढला होता. द्रोण घ्यायचा, ओठाला टेकवायचा, आणि शेजाऱ्याला द्यायचा. घोट नाही. पितर खूश, गुरुजीही खूश. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि सगळ्या पाड्याने ते पाहिलं होतं.

‘गिळली कधीच नाही,’ बाबा आईला म्हणाले, ‘पण तोंडाला लागलीय. मूठ हातात घेऊन खोटं कसं बोलू?’

‘तोंडाला लागली ती घशात गेली नाय कशावरून?’

‘मी सांगतो म्हणून.’

‘माझा बापबी सांगायचा,’ आई म्हणाली.

मला हे सगळं नंतर दोघांनीही सांगितलं, वेगवेगळं, आणि दोघांनीही एकच सांगितलं. म्हणजे बघा, इतकी प्रामाणिक माणसं! बाबांनी ‘कधी गिळली नाही’ अशी आण घेतो म्हणून पुन्हा सूप मागितलं. आईने दिलं नाही. म्हणाली, देवीशी सौदा करू नका. तेव्हापासून ती त्यांना मास्तर म्हणायला लागली. जेवायला वाढायची, पण ताट सरकवून आत निघून जायची. जाताना भिंतीला ऐकवायची, ‘मना फसवलं.’ चिडली की तिची जव्हारला आल्यावर शिकलेली मराठी गळून पडायची आणि डोंगरातली बाहेर यायची. बाबा एकटे जेवायचे. त्यांना लिवरपेक्षा ते जास्त लागलं होतं.

मी सुट्टी काढून घरी आले. आणि मी काही गरीब स्वभावाची पोरगी नव्हे. आल्या आल्या पिशवी टाकली आणि आईवर तुटून पडले. कारण योगायोग असा की आमच्या लॅबमध्ये नेमकं हेच चाललं होतं. चरबीने सुजलेलं लिवर आणि त्यात पडणारे वण. दारूचा एक थेंब नसताना! मॅडम उंदरांना तूपसाखरेसारखं खाणं घालायच्या, उंदीर गुबगुबीत व्हायचे, आणि काही महिन्यांनी त्यांच्या लिवरमध्ये तसलेच वण दिसायचे.

‘आई, उंदीर दारू पितात का?’ मी विचारलं.

‘मुंबईचे उंदीर,’ आई म्हणाली. ‘त्यांचा काय भरवसा!’

बाबा खोकल्याचं निमित्त करून हसले. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की खोकला थांबला.

मग मी ओट्याशी बसून तिला नीट सांगायला घेतलं. लिवरमध्ये एका जातीच्या पेशी असतात. एरवी त्या गप्प पडून असतात. जखम झाली की जाग्या होतात, वणाचे धागे विणतात, जखम सांधतात आणि पुन्हा गप्प होतात. चांगल्याच आहेत त्या. पण लिवरमध्ये चरबी साठत राहिली की सूज राहते, सूज राहिली की त्या पेशी जाग्याच राहतात आणि विणतच सुटतात. इतकं विणतात की मऊ लिवर जरड होतं.

‘मंग त्यांना गप कोण करतं?’ आईने विचारलं. रागात होती तरी प्रश्न बरोबर विचारायची. ती शिकली असती तर आमच्या मॅडमना भारी पडली असती.

आणि तेच तर माझं काम होतं! मला इतका आनंद झाला की मी लाटणं हातात घेऊन उभी राहिले. पेशीत आरएनए नावाचे रेणू असतात. त्यांतले काही निरोप्ये. पेशीच्या केंद्रकातून निरोप आणतात आणि त्या निरोपावरून प्रथिनं बनतात. पण कितीतरी आरएनए कुठलाच निरोप आणत नाहीत, त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. आधी शास्त्रज्ञांना वाटलं हे रिकामटेकडे आहेत, कचरा आहे. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की हे इतरांवर लक्ष ठेवतात. एखादा निरोप फार वाजायला लागला की त्याला दाबून धरतात. वण विणायचा निरोप दाबणारेही त्यात आहेत. आमच्या गुबगुबीत उंदरांच्या लिवरमध्ये असा एक चिमुकला आरएनए फारच कमी झालेला दिसत होता. तो कमी झाला, त्या पेशींना आवरणारं कुणी उरलं नाही, आणि विणकाम चालूच राहिलं. उलट दुसरे काही आरएनए असेही की ते विणकामाला भर घालतात. सगळं कळलेलं नाही, मी म्हटलं, अजून शोधतोय.

बाबा दारातून ऐकत होते. त्यांचा चेहरा वर्गात हुशार मुलाने हात वर केल्यासारखा झाला. ‘म्हणजे आमचा घंटा देणारा शिपाई!’ ते म्हणाले. ‘तो काही शिकवत नाही. पण त्याने घंटा दिली नाही तर तास संपतच नाही. पोरं लिहीतच बसतील.’

‘अगदी बरोबर!’ मी ओरडले.

‘काय बरोबर?’ आई फणकारली. ‘घंटा नाय झाली तर पोरं लिहीत बसतात व्हय? पळून जातात! कधी शाळेत गेला होतात का मास्तर?’

खरं होतं. बाबांची पोरं तर घंटा होण्याआधीच पळायची.

‘आणि औषध काय त्याला?’ तिने मला विचारलं. ‘तो जो कमी झालाय, तो द्यायचा ना भरून.’

‘तसं औषध अजून नाही,’ मी म्हटलं.

‘मंग काय करायचं?’

‘साखर बंद, डालडा बंद. नागली खायची. रोज चालायचं. वजन उतरलं की सूज उतरते, आणि वण फार जुने नसतील तर थोडे मागेही फिरतात.’

आई माझ्याकडे बघतच राहिली. ‘नागली खा आन् चाला? हे सांगायला तुला मुंबईला शिकवली?’

त्या क्षणी मला लाटणं फेकावंसं वाटलं. पण आईचं खरं म्हणणं वेगळंच होतं, आणि ते तिने लगेच काढलं. ती ओट्याला पाठ लावून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘तू बोलतेस साखरेनं झालं, तेलानं झालं. बरं. मंग हे घरात काय एकटेच खात होते? मी काय दगड खात होते? एकाच तव्यावरची पोळी, एकाच पातेल्यातला चहा. तुझं खरं असंल तर माझंबी लिवर तसंच पायजे. आन् मी तर ठणठणीत हाय. बघायचंय? चल नाशिकला. माझी काढा सोनोग्राफी. साफ निघालं तर तू पुन्हा उंदीर बोलायचं नाय आन् यांनी पुन्हा पीत नाय बोलायचं नाय.’

मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, ‘तिला त्रास कशाला?’

‘घाबरले!’ आई म्हणाली.

खरं सांगू? घाबरले मी. कारण मॅडमच्या उंदरांतसुद्धा एकच खाणं खाऊन सगळ्यांना सारखं होत नव्हतं. कुणाच्या लिवरला वण पडायचे, कुणी तसाच गुबगुबीत खुशाल राहायचा. आईचं लिवर स्वच्छ निघालं तरी त्याने बाबा खोटे ठरत नव्हते. पण हे आता तिला सांगायला जावं तर ती म्हणणार, बघा, पोरगी बापाची बाजू घेऊन शब्द फिरवते. म्हणजे आमच्या घराचा निकाल आता आईच्या पोटात होता. मी रात्रभर देवाकडे काय मागत होते ते सांगायलाही लाज वाटते. माझ्या आईचं लिवर थोडं तरी खराब निघू दे, असं मागत होते. कुठली पोरगी असं मागते!

सकाळच्या एसटीने निघालो. मोखाडा गेला, घाट गेला. आई खिडकीशी, मी मधे, बाबा पलीकडे. आई लग्नाला निघाल्यासारखी नवं लुगडं नेसली होती. वाटेत त्र्यंबकला चहा घेतला तेव्हा तिने मुद्दाम दोन चमचे साखर वरून मागितली आणि बाबांकडे बघत सगळा प्याली. बाबांनी बिनसाखरेचा घेतला. तोंड असं केलं की शेजारच्या टेबलावरचा माणूस विचारायला लागला, चहा नासलाय का?

नाशिकचे डॉक्टर वयस्क होते, शांत. त्यांनी बाबांची जुनी तपासणी नीट वाचली, पोट चाचपलं, रोजचं खाणं विचारलं, शिक्षक आहात का विचारलं. दारूचं विचारलं. बाबांनी नाही म्हटलं, आणि ते हसले नाहीत, पुढे लिहीत गेले. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. मग मी आईचं सांगितलं. डॉक्टरांना जरा गंमत वाटली, पण त्यांनी शेजारच्या खोलीत तिची सोनोग्राफी करायला पाठवलं.

आई बाहेर आली ती जिंकल्यासारखीच. ‘त्या बाईनं गार गार काहीतरी लावलं,’ म्हणाली, ‘बाकी काय नाय.’ आणि पदर सावरून बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. बऱ्याच दिवसांनी शेजारी. पण तोंड माझ्याकडे.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, ‘बाई, तुमच्याही लिवरमध्ये चरबी आहे. बरीच आहे. गुरुजींना वण पडलेत, तुम्हाला तसं यात काही दिसत नाही. पण वेळेवर आलात.’ मग पेन उचललं आणि बाबांना विचारला होता तोच प्रश्न, त्याच आवाजात, विचारला. ‘तुम्ही दारू घेता का? विचारावं लागतं.’

आईचं तोंड उघडं राहिलं. मी तिला कधी गप्प बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. सूर्यमाळची ती बाई, दारूच्या वासाने जिचं अंग शहारायचं, तिला कुणीतरी विचारत होतं की तू पितेस का. ती नुसती मान हलवायला लागली, आणि ती मान हलवणंसुद्धा चोरी पकडल्यासारखं दिसत होतं. मला दिसत होतं तर डॉक्टरांनाही दिसत असणार.

‘नाही,’ बाबा म्हणाले. ‘ती घेत नाही.’

ताडकन म्हणाले. वर्गात हजेरीला पोरगं ‘हजर’ म्हणतं तसं. आईची मान अजून हलतच होती. डॉक्टरांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. मग ते खाण्याचं सांगत राहिले. मी ऐकत होते, आई ऐकत नव्हती.

बाहेर बाकावर येऊन बसलो आणि आई रडायला लागली. साधं नाही, मोठ्याने. औषधाच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. त्यांना वाटलं असेल, हिला काय भयंकर निघालं. मी म्हटलं, ‘आई, अगं घाबरू नकोस, उतरेल ते.’ तिने माझा हात झटकला. तिला माझ्याशी काही बोलायचंच नव्हतं.

‘तुमी मना एकदाबी विचारलं नाय,’ ती बाबांना म्हणाली.

‘काय विचारायचं?’

‘घेतेस का म्हणून. मी तर तुमच्याफुडं सूप आणून ठेवलं होतं.’

बाबा थोडे गोंधळले. त्यांना खरंच कळलं नव्हतं की यात विचारण्यासारखं काय होतं. त्यांनी रुमाल काढून तिला दिला. ‘मला माहितीय ना,’ ते म्हणाले.

त्यावर आई आणखी रडली. आणि मग, मी पलीकडे बसलेली असताना, भर दवाखान्यात, आमच्या घरात कधीच कुणी केलं नव्हतं ते तिने केलं. ती बाकावरून खाली उतरली आणि नवऱ्याच्या पायाला हात लावून म्हणाली, ‘गुरुजी, चुकले मी.’